बॉक्स आपला, किल्ली कोणाची?

२१ जानेवारी २००१, रविवार. अमेरिकेत सुपर बोल एका आठवड्यावर आला होता. अमेरिकन फुटबॉलचा हा अंतिम सामना म्हणजे तिकडचा सणच. आपल्याकडे वर्ल्ड कपची फायनल असली की कोणाच्या घरी जमायचं, खायला काय मागवायचं हे आठवडाभर आधी ठरतं, तसंच तिथंही ठरतं. आणि नेमक्या त्या रविवारी रात्री अमेरिका आणि कॅनडातल्या हजारो घरांमधले टीव्ही एकाएकी मुके झाले. वीज होती, छतावरची डिश जागेवर होती, बॉक्सचा दिवाही लागलेला होता. चॅनल मात्र एकही दिसेना.

या सगळ्या घरांमध्ये एक गोष्ट समान होती. तिथं डायरेक्टीव्ही या कंपनीचे चॅनल पैसे न भरता बघितले जात होते. सरळ सांगायचं तर ती चोरी होती. कंपनीनं एकही माणूस न पाठवता, कोणाच्या दाराची बेल न वाजवता, पृथ्वीपासून ३६ हजार किलोमीटर लांब असलेल्या उपग्रहांमार्फत त्या घरांमधली कार्डं मारून टाकली होती. हॅकर मंडळींमध्ये हा दिवस ‘ब्लॅक संडे’ म्हणून ओळखला जातो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. लांब कुठेतरी असलेल्या यंत्रांवर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती पोचवणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मी त्या अनोळखी इंजिनिअरांना मनातल्या मनात सलाम ठोकला होता. आजही ठोकतो. पण त्यानंतरच्या वीसेक वर्षांत टीव्हीच्या बॉक्सचं काय काय झालं ते ओळीनं बघत गेलं की सलामासाठी उठलेला हात जरा अवघडतो. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

पाळणा फिरत राहतो

डायरेक्टीव्हीची सेवा १९९४ मध्ये सुरू झाली. दीड फूट रुंदीची छोटी डिश, टीव्हीशेजारी एक बॉक्स आणि त्या बॉक्सच्या फटीत बँकेच्या कार्डाएवढं एक स्मार्ट कार्ड. उपग्रहाचा सिग्नल पावसासारखा असतो. पैसे भरणाऱ्याच्या अंगणातही पडतो आणि न भरणाऱ्याच्याही. म्हणून कंपनी तो कुलूपबंद करून पाठवते आणि कुलूप उघडायची किल्ली कार्डात ठेवते. कोणी कोणतं पॅकेज घेतलंय याची नोंदही कार्डातच असते.

पण ही नोंद कार्डापर्यंत पोचते कशी? हे तुम्ही नकळत अनुभवलेलं आहे. डीटीएचचा रिचार्ज केला आणि चॅनल आले नाहीत तर कस्टमर केअरवाले सांगतात, ‘बॉक्स थोडा वेळ चालू ठेवा.’ यामागचं कारण गमतीशीर आहे. उपग्रह तुमच्या एकट्याच्या बॉक्सशी बोलू शकत नाही. तो सगळ्यांसाठी एकच प्रवाह सोडतो. त्या प्रवाहात कार्ड नंबर टाकलेले निरोप एकामागोमाग एक येतात आणि पुन्हा पुन्हा येत राहतात. जत्रेतला चक्री पाळणा डोळ्यांसमोर आणा. तुमच्या नावाचा निरोप एका घोड्यावर बसून फिरतोय. तो समोरून जाईल तेव्हा तुमचा बॉक्स जागा असायला हवा. नसला तर पुढच्या फेरीची वाट बघायची. या व्यवसायातले इंजिनिअर अशा फिरत्या पद्धतीला खरोखरच ‘कॅरुसेल’ म्हणतात, म्हणजे चक्री पाळणा.

बॉक्सचं स्वतःचं सॉफ्टवेअरही याच पाळण्यात बसून येतं. मेनूचा रंग बदलतो, एखादं नवं बटण काम करायला लागतं, जुनी चूक दुरुस्त होते. घरात कोणी टेक्निशियन आलेला नसतो.

आता यातली अडचण बघा. हा रस्ता एकाच दिशेनं जातो. आकाशातून खाली निरोप येतो, खालून वर काही जात नाही. काही बॉक्सना टेलिफोनची तार जोडायची सोय होती, पण चोरून बघणारा ती कशाला जोडेल? त्यामुळे कोणत्या घरात खरं कार्ड आहे आणि कोणत्या घरात छेडछाड केलेलं, हे कंपनीला कळायचं काही साधन नव्हतं. तिला निशाणा न दिसता गोळी झाडायची होती. ती गोळी सगळ्यांच्या घरात शिरली पाहिजे, पण लागली पाहिजे फक्त चोरालाच. प्रामाणिक ग्राहकाच्या केसालाही धक्का लागता कामा नये, कारण त्याच्याच पैशावर कंपनी चालते.

काडी काडी जमवून

तेव्हा चलनात असलेल्या कार्डाला ‘एच कार्ड’ म्हणत. ते बनवलं होतं रूपर्ट मरडॉकच्या समूहातल्या एनडीएस या कंपनीनं. त्यातल्या मेमरीवर पुन्हा लिहिता येत असे. कंपनीला नोंदी बदलता याव्यात म्हणून ठेवलेली ही सोय हॅकरांनी स्वतःसाठी वापरली. एक छोटं यंत्र आणि एक कॉम्प्युटर घेऊन बसलं की कार्डाला पटवता येई, ‘या गृहस्थांनी सगळे चॅनल विकत घेतलेत.’

कॅनडात तर याची मोठी बाजारपेठ उभी राहिली. डायरेक्टीव्हीला तिथं सेवा द्यायचा परवानाच नव्हता, त्यामुळे पैसे भरतो म्हटलं तरी अधिकृत ग्राहक होता येत नव्हतं. अशा वेळी अमेरिकन सिग्नल उघडून बघणं गुन्हा आहे की नाही, यावर तिथली न्यायालयं वेगवेगळं सांगत होती. तो गुन्हाच आहे, असं कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २००२ मध्ये स्पष्ट केलं. तोवर दुकानं उघडपणे चालत होती.

कंपनी गप्प बसलेली नव्हती. ती प्रवाहातून मध्येच असा एखादा कोड सोडायची की छेडलेलं कार्ड स्वतःभोवती गरगरत अडकून पडायचं. त्यावर हॅकरांनी ‘अनलूपर’ नावाचं यंत्र काढलं. कार्डाला नेमक्या क्षणी विजेचा छोटासा झटका द्यायचा, ते गोंधळतं आणि चक्रातून बाहेर पडतं. कंपनीनं मारायचं आणि दुकानदारानं पैसे घेऊन जिवंत करायचं, असा खेळ वर्षानुवर्षं चालला. शेवटी कार्ड पूर्ण मरत नाही याची सगळ्यांना खात्रीच पटली होती.

मग २००० सालच्या उत्तरार्धात काहीतरी विचित्र घडायला लागलं. उपग्रहातून कार्डांवर थोडे थोडे बाइट येऊ लागले. हॅकरांनी ते उघडून बघितले. त्यांना काही अर्थ लागेना. अर्धवट तुकडे, ज्यांना डोकं नाही आणि शेपूट नाही. हे कार्डावर लिहूच द्यायचं नाही, असं त्यांनी करून बघितलं. तेव्हा कंपनीनं बॉक्सलाच शिकवलं, ‘कार्डावर हे तुकडे असतील तरच चित्र दाखव.’ झालं. चॅनल बघायचे तर तुकडे घ्यावेच लागणार. निरुपद्रवी तर दिसतायत, असं म्हणून हॅकरांनी दार उघडलं.

त्या काळातल्या वर्णनांमध्ये असे साठाहून अधिक तुकडे आल्याचा उल्लेख सापडतो. चिमणी काडी काडी जमवते तेव्हा पहिल्या दहा काड्या बघून घरटं ओळखू येत नाही. इथंही शेवटचे तुकडे जागेवर बसले तेव्हा कळलं की कार्डाच्या आत एक छोटा प्रोग्रॅम तयार झालाय. प्रवाहातून पुढे येणारा कोणताही हुकूम चालवून दाखवेल, असा.

२१ जानेवारीला तो हुकूम आला. सिग्नल सगळ्या कार्डांकडे गेला. ज्या कार्डात छेडछाडीची खूण होती तिथंच त्यानं काम केलं. कार्डात एक जागा अशी असते जिथं एकदाच लिहिता येतं. इतर मेमरीवरचं लिखाण पेन्सिलीचं, पुसता येणारं. या जागेवरचं लिखाण शाईचं. कार्ड सुरू होताना आधी तीच जागा तपासतं आणि तिथं भलतंच काही दिसलं तर पुढे सरकत नाही. हुकुमानं त्या जागेवर आठ बाइट लिहिले. अनलूपर लावून काही उपयोग होईना. हॅकरांनी मेलेली कार्डं उघडून ते आठ बाइट वाचले. इंग्रजी अक्षरांमध्ये तिथं लिहिलेलं होतं : गेम ओव्हर.

एखाद्या इंजिनिअरला ही गोष्ट सांगून बघा, त्याच्या चेहऱ्यावर हसू येतंच. महिनोन्‌महिने संयम ठेवायचा, शत्रूच्या हातूनच सापळा बांधून घ्यायचा, तारीख सुपर बोलच्या तोंडावरची निवडायची आणि वर स्वाक्षरी ठोकून जायची. पैसे भरणाऱ्या ग्राहकाला त्या रात्री काहीच कळलं नाही. त्याचा टीव्ही चालूच होता.

आकाशातून आलेल्या निरोपानंतर टपालानं आलेली पत्रं

गोष्ट इथं संपवली तर ती चोर-पोलिसाची मजेदार कथा होते. पुढचा भाग इतका मजेदार नाही.

उपग्रहातून येणारा निरोप छेडलेलं आणि न छेडलेलं कार्ड यांत फरक करू शकत होता. कंपनीच्या वकिलांना असा फरक करायची गरज वाटली नाही. कार्ड लिहिणारी यंत्रं विकणाऱ्या दुकानांच्या ग्राहक याद्या हाती आल्यावर कंपनीनं त्यातल्या लोकांना धडाधड पत्रं पाठवायला सुरुवात केली. एक लाखाहून जास्त पत्रं गेली आणि हजारो खटले दाखल झाले. पत्रातला मजकूर साधारण असा : तुम्ही हे यंत्र घेतलंय, तडजोड म्हणून काही हजार डॉलर भरा, नाहीतर कोर्टात भेटू. ओ. जे. सिम्पसनसारख्या प्रसिद्ध माणसाकडेही अशी उपकरणं सापडली आणि २००५ मध्ये न्यायालयानं त्याला २५ हजार डॉलर भरायला लावले. तिथं दोष सिद्ध झाला होता. पण तीच यंत्रं कॉम्प्युटर सुरक्षेचं काम करणारे लोक, विद्यार्थी, छंद म्हणून स्मार्ट कार्ड शिकणारेही घेत होते. वकिलाचा खर्च तडजोडीच्या रकमेपेक्षा जास्त, म्हणून अनेकांनी गप्पपणे पैसे भरले. डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या ईएफएफ या संस्थेनं यात लक्ष घातल्यावर, निव्वळ असं यंत्र जवळ आहे म्हणून खटला भरणार नाही, असं कंपनीनं जून २००४ मध्ये मान्य केलं.

मला या सगळ्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या रविवारी एक मोठा प्रश्न निकालात निघाला होता आणि तो चोरीचा नव्हता. घरात ठेवलेल्या वस्तूला बाहेरून कायमचं बंद करता येतं, हे सिद्ध झालं होतं. पहिल्यांदा ते चोरावर वापरलं गेलं, म्हणून कोणाला वाईट वाटलं नाही. दुसऱ्यांदा कोणावर वापरलं जाईल, हा विचार करायला फारसं कोणी थांबलं नाही.

रात्रीचा फोन

त्याच सुमाराला अमेरिकन घरांत आणखी एक बॉक्स शिरत होता : टिव्हो. १९९९ मध्ये बाजारात आलेला हा बॉक्स कार्यक्रम हार्ड डिस्कवर रेकॉर्ड करायचा. याचा रस्ता दोन्ही दिशांनी होता. घरातले झोपले की तो टेलिफोनच्या तारेवरून कंपनीला फोन लावायचा, पुढच्या दिवसांचं वेळापत्रक घ्यायचा, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती असेल तर तीही घ्यायचा. लोकांना हे फार आवडलं. विकत घेतल्यानंतर वस्तू आपोआप सुधारत जाते, हा अनुभव तेव्हा नवा होता.

मे २००२ मध्ये ब्रिटनमधल्या टिव्होधारकांना आपल्या बॉक्समध्ये एक कार्यक्रम रेकॉर्ड झालेला दिसला. बीबीसीवरची ‘डोसा अँड जो’ नावाची विनोदी मालिका. कोणी ती रेकॉर्ड करायला सांगितलेलं नव्हतं. कंपनीनंच जाहिरात म्हणून लांबून ते बटण दाबलं होतं. भाग प्रौढांसाठीच्या वेळेतला होता आणि आठवडाभर पुसताही येत नव्हता. लोक चिडले. नुकसान काय झालं म्हणाल तर हार्ड डिस्कवरची थोडी जागा गेली. पण लोकांची चीड त्या जागेबद्दल नव्हती. आपण रात्री झोपलेलो असताना कोणीतरी घरात येऊन फ्रिजमध्ये डबा ठेवून गेलंय, अशी ती भावना होती. आणलेला पदार्थ चांगला होता की वाईट, हा मुद्दा गौण आहे.

दोन वर्षांनी, २००४ च्या सुपर बोलमध्ये जॅनेट जॅक्सनच्या कार्यक्रमातला तो गाजलेला प्रसंग घडला. दुसऱ्याच दिवशी टिव्हो कंपनीनं जाहीर केलं की आमच्या ग्राहकांनी सर्वाधिक वेळा मागे नेऊन बघितलेला क्षण हाच. बातमी गमतीची म्हणून छापली गेली. मग अनेकांच्या डोक्यात उशिरानं प्रकाश पडला : मी रिमोटचं कोणतं बटण कधी दाबलं हे रात्रीच्या फोनवर तिकडे सांगितलं जातंय.

आमच्या धंद्यात टिव्होची आठवण आणखी एका कारणानं निघते. तो बॉक्स लिनक्सवर चालायचा. लिनक्सचा परवाना सांगतो की सोर्स कोड सगळ्यांना खुला हवा, ज्याला हवं त्यानं बदलावा. टिव्होनं कोड खुला ठेवला. पण तुम्ही तो बदलून बॉक्समध्ये घातला तर बॉक्स सुरूच होत नसे, कारण त्यावर कंपनीची डिजिटल सही नसे. परवान्याचं अक्षर पाळलं गेलं, जीव निघून गेला. रिचर्ड स्टॉलमन यांनी या प्रकाराला ‘टिव्होआयझेशन’ असं नाव दिलं आणि २९ जून २००७ ला आलेल्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत ते रोखणारं कलम घातलं. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांना ते पटलं नाही आणि लिनक्स कर्नल जुन्या आवृत्तीवरच राहिलं. अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच आहे. म्हणजे तुम्ही हा लेख ज्या फोनवर वाचताय, त्यातही बहुधा.

न्यायालयाच्या हाती रिमोट

कंपन्यांना जे कळलं ते न्यायालयांना कळायला वेळ लागला नाही.

टिव्होची स्पर्धक रीप्लेटीव्ही. तिचा २००१ चा बॉक्स जाहिराती आपोआप गाळायचा आणि रेकॉर्ड केलेला कार्यक्रम इंटरनेटवरून दुसऱ्या बॉक्सला पाठवू शकायचा. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी आणि टीव्ही कंपन्यांनी खटला भरला. लोक या बॉक्सचा नेमका काय वापर करतात याचा पुरावा त्यांना हवा होता. रीप्लेटीव्ही बनवणारी सोनिकब्लू कंपनी म्हणाली, आम्ही अशी माहिती गोळाच करत नाही. एप्रिल २००२ मध्ये मॅजिस्ट्रेट न्यायाधीश चार्ल्स ईक यांनी आदेश दिला : मग तसं सॉफ्टवेअर लिहा, ग्राहकांच्या बॉक्समध्ये पाठवा, ते काय बघतात, काय गाळतात, कोणाला पाठवतात हे नोंदवा आणि ती माहिती फिर्यादींना द्या. थोड्याच दिवसांत जिल्हा न्यायाधीश फ्लोरेन्स-मेरी कूपर यांनी हा आदेश रद्द केला. ग्राहकांच्या सुदैवानं. पण असा आदेश निघू शकला, तो व्यवहारात शक्य होता, हे आता कागदावर आलं होतं.

तुलना करून बघा. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात सोनीच्या बेटामॅक्स व्हिडिओ रेकॉर्डरचा खटला गाजला. सोनी जिंकली. समजा, हरली असती तर? नवे रेकॉर्डर विकायला बंदी आली असती, दंड झाला असता. पण जे लाखो रेकॉर्डर लोकांच्या घरात पोचलेले होते ते रेकॉर्ड करतच राहिले असते. न्यायालयाचा हुकूम घरातल्या यंत्रापर्यंत पोचायला तारच नव्हती. आपल्या आईबाबांच्या पिढीनं भाड्यानं व्हीसीआर आणून एका रात्रीत तीन-तीन सिनेमे बघितल्याच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. ते यंत्र मुकं होतं, बहिरं होतं आणि म्हणूनच ते घरात असेपर्यंत घरच्यांचंच होतं.

आता २००६ मध्ये या. टिव्होनं एकोस्टार या उपग्रह टीव्ही कंपनीवर पेटंटचा खटला जिंकला. ऑगस्टमध्ये टेक्सासमधले न्यायाधीश डेव्हिड फॉल्सम यांनी हुकूम काढला की १,९२,७०८ बॉक्स सोडून ग्राहकांच्या घरी असलेल्या बाकी सगळ्या दोषी बॉक्समधली रेकॉर्डिंगची सोय तीस दिवसांत बंद करा. भांडण दोन कंपन्यांचं. ज्यांचं रेकॉर्डिंग जाणार होतं ते ग्राहक खटल्यात कुठंच नव्हते.

प्रत्यक्षात ती सोय गेली नाही. वरच्या न्यायालयानं हुकुमाला स्थगिती दिली. आणि नंतर एकोस्टारनं एक नामी युक्ती केली : त्याच उपग्रहावरून सगळ्या बॉक्सना नवं सॉफ्टवेअर पाठवलं आणि सांगितलं की आता हे बॉक्स पेटंटमधल्या पद्धतीनं चालतच नाहीत, त्यामुळे हुकूम लागू होत नाही. न्यायालयाला ते पटलं नाही आणि २००९ मध्ये कंपनीला अवमानाबद्दल दोषी ठरवलं गेलं. शेवटी मे २०११ मध्ये ५० कोटी डॉलरवर तडजोड झाली. हुकूम ज्या तारेवरून अमलात यायचा, त्याच तारेवरून तो चुकवायचा प्रयत्न झाला. आणि त्या पाच वर्षांत घरातला बॉक्स किती वेळा आतून बदलला, हे सोफ्यावर बसलेल्या माणसाला कळलंही नाही.

जुन्या टीव्हीला फुटलेले डोळे

टीव्ही स्वतःच इंटरनेटला जोडला गेला तेव्हा वेगळ्या बॉक्सची गरज उरली नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं व्हिझिओ या टीव्ही कंपनीविरुद्धचं प्रकरण २२ लाख डॉलरवर मिटवलं. आरोप असा होता की फेब्रुवारी २०१४ पासून कंपनी आपल्या टीव्हींमधून पडद्यावर काय चाललंय याची सेकंदासेकंदाची माहिती उचलत होती. पडद्यावर केबल असो, डीव्हीडी असो की आणखी काही. ती माहिती पुढे विकली जात होती. १ कोटी १० लाख टीव्ही यात होते.

तक्रारीतलं एक वाक्य वाचून मी थबकलो होतो. ज्यांच्याकडे आधीचं मॉडेल होतं, त्यांच्या टीव्हीतही कंपनीनं हे सॉफ्टवेअर लांबून बसवलं होतं. म्हणजे विकत घेताना ज्या टीव्हीला डोळे नव्हते, त्याला नंतर डोळे फुटले. मालकानं दुकानात चौकशी केली असेल, खोक्यावरचं सगळं वाचलं असेल, तरी काही फायदा नव्हता.

आणि जुलै २०२१ मध्ये चक्र पुन्हा चोरांपाशी आलं. दक्षिण आफ्रिकेतल्या दंगलीत क्वाझुलू-नताल प्रांतातलं सॅमसंगचं गोदाम लुटलं गेलं. कंपनीनं जाहीर केलं की लुटलेले टीव्ही इंटरनेटला जोडले की आम्ही ते लांबूनच निकामी करू आणि ही सोय आमच्या सगळ्या टीव्हींमध्ये आधीपासूनच आहे. चोरीचा माल निकामी होण्याबद्दल कोणाची हरकत असेल? पण बातमीचा दुसरा अर्धा भाग पुन्हा वाचा. ‘सगळ्या टीव्हींमध्ये आधीपासूनच.’

मग अपडेट बंदच करायचे?

नाही. हे मी माझ्या पगारासाठी म्हणत नाही. इंटरनेटला जोडलेलं यंत्र दुरुस्तीशिवाय सोडून देणं म्हणजे घराची कडी न लावता गावाला जाणं आहे. सॉफ्टवेअरमध्ये चुका असतात, त्या सापडत राहतात आणि लाखो घरांत टेक्निशियन पाठवणं शक्य नसतं. अपडेट थांबले तर काय होतं तेही दिसलेलं आहे. डिसेंबर २०१९ पासून काही जुन्या सॅमसंग आणि व्हिझिओ टीव्हींवर आणि रोकूच्या जुन्या बॉक्सवर नेटफ्लिक्स चालेनासं झालं. पडदे ठणठणीत होते, पण आतलं सॉफ्टवेअर मागे पडलं होतं. तेव्हा वस्तू जिवंत ठेवणारी तारही हीच आहे.

म्हणून मला वाटतं, प्रश्न तारेचा नाही. तिच्या या टोकाला आपल्याला एखादं बटण मिळतं का, हा प्रश्न आहे.

हे समजायला अमेरिकेत जायची गरज नाही. मी शाळेत होतो तेव्हा केबलची तार थेट टीव्हीत जायची. महिन्याचे पैसे थकले की केबलवाला गच्चीवर जाऊन जोडणी काढायचा. पण त्याआधी तो दारात यायचा. ‘दादा, एक तारखेला पगार झाला की देतो,’ असं सांगता यायचं. परीक्षा संपली आहे, मुलांना सुट्टी आहे, मॅच आहे, असं काहीही सांगता यायचं. तो कधी ऐकायचा, कधी नाही. मग केबलचं डिजिटायझेशन आलं. मुंबईसह चार महानगरांसाठी मुदत होती ३१ ऑक्टोबर २०१२ आणि पुणे, नागपूर, नाशिक यांच्यासह ३८ शहरांसाठी ३१ मार्च २०१३. घरोघरी सेटटॉप बॉक्स बसले. चित्र स्वच्छ झालं, चॅनल वाढले, सरकारला आणि वाहिन्यांना खरी ग्राहकसंख्या कळायला लागली. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या नव्या नियमांनुसार आपले चॅनल आपण निवडू शकलो, तेही याच सोयीमुळे, कारण प्रत्येक कार्डाला वेगळा निरोप पाठवता येत होता. हे सगळे फायदे खरे आहेत. फक्त आता मुदत संपली की मध्यरात्री पडद्यावर एक चौकट येते. तिला एक तारखेचं सांगता येत नाही.

आमच्या कामात कोणताही अपडेट पाठवण्याआधी दोन प्रश्न विचारतात. यावर सही कोणाची? आणि काही बिघडलं तर मागे कसं फिरायचं? दोन्हींची उत्तरं तयार असल्याशिवाय कोणी हिरवा कंदील दाखवत नाही. ज्याच्या घरात हे यंत्र आहे तो ‘नको’ म्हणाला तर काय, हा तिसरा प्रश्न यादीत सहसा नसतो. तो घालायला तांत्रिक अडचण काही नाही. एक पडदा, दोन बटणं आणि काय बदलणार आहे ते साध्या भाषेत सांगणाऱ्या चार ओळी. सुरक्षेची दुरुस्ती वेगळी आणि नवी जाहिरात किंवा नवी पाळत वेगळी, एवढी फोड केली तरी पुरे. ‘नको’ म्हटल्यावर टीव्ही आहे तसा चालू राहिला पाहिजे, इतकीच अट.

मेलेल्या एच कार्डातले ते आठ बाइट हॅकरांनी वाचले तेव्हा निदान त्यांना कळलं तरी की खेळ संपला. नंतरच्या कोणत्याच अपडेटनं आपली सही मागे सोडलेली नाही. आता टीव्ही रात्रीत बदलतो, सकाळी पडद्यावर ‘अटी मान्य आहेत’ एवढं एकच बटण उजळलेलं असतं आणि चहा निवायच्या आत आपण ते दाबून मोकळे होतो.